माछल्यांची अठ्ठाई

सरोजचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात आमच्या गच्चीवर बिबड्या वाळत घालत होते. "मावशी, मम्मी गेली हो सकाळी…" ती म्हणाली. माझ्या हाताला ज्वारीचा चीक लागलेला, फोन कसाबसा खांद्याशी धरलेला. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. कशानं गेली, जवळ कोण होतं, हे विचारायचं सोडून मी विचारलं, "माशांकडे कोण बघतंय?" सरोज रडता रडता हसली. म्हणाली, "मला वाटलंच होतं, तू हेच विचारशील म्हणून." याला आता महिना उलटून गेला. सरोजची आई म्हणजे आमची विमलभाभी. जळगावला आम्ही तिच्या माडीवर भाड्यानं राहायचो, पण घरमालकीण आणि भाडेकरू हे नातं पहिल्या वर्षातच कुठल्या कुठे गेलं. नंतर मी धुळ्याला परत आले तरी आमचं येणंजाणं तुटलं नाही. तिच्याविषयी लिहायचं ठरवलं आणि लक्षात आलं की मला तिचं आयुष्य सांगता येणार नाही. मला फक्त एका काचेच्या पेटीतल्या पाण्याची गोष्ट सांगता येईल. तिलाही तेवढी पुरे झाली असती.

साठाचं दशक सरत आलं होतं. माझ्या नवऱ्याची बदली जळगावला झाली आणि आम्ही घर शोधत फिरलो. कापसाचा व्यापार करणाऱ्या एका मारवाडी जैन कुटुंबाची माडी रिकामी होती. घरातल्या मोठ्या बाई, म्हणजे विमलभाभीच्या सासूबाई, त्यांना सगळे बाईजी म्हणत. त्यांनी आम्हाला समोर बसवून अट घातली, की या घरात अंडं येणार नाही, मटण येणार नाही, मासे येणार नाहीत. माझे यजमान पक्के खाणारे. त्यांनी मान डोलावली खरी, पण जिना चढताना माझ्या कानाशी म्हणाले, "इथे फार दिवस निघायचे नाहीत." पुढं त्याच माडीवर आमचा सगळा संसार झाला.

पहिल्याच दिवशी मी भाभीला पाहिलं ते चौकात पापड लाटताना. माझ्याच वयाची, गोरी, हसरी, डाव्या गालावर तीळ. आम्ही बोलतोय तोवर बाहेरच्या दारात कुणीतरी मोठ्यानं खाकरलं आणि बघता बघता तिचा पदर हनुवटीपर्यंत खाली आला. हात मात्र लाटतच राहिले. तिचे सासरे, बाबूजी, पेढीवरून जेवायला आले होते. घरात शिरण्याआधी ते असे खाकरायचे, सुनेला घुंघट घ्यायला वेळ मिळावा म्हणून. त्या घरची रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. "बाबूजींना आणखी फुलका हवा का" हेही बाईजींच्या मार्फत विचारायचं, आणि उत्तर ऐकू आलं तरी बाईजींनी ते पुन्हा सांगायचं. सरोज चालायला लागली होती, म्हणजे लग्नाला काही वर्षं झाली होती, तरी बाबूजींनी सुनेचा चेहरा पाहिलेला नव्हता. आणि तिनं? ती एकदा मला हसत म्हणाली, "शालूताई, मला त्यांचे पाय पाठ आहेत. शंभर माणसांत ओळखीन." मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. मी तिला किती वेळा म्हटलं असेल, टाक तो पदर मागे, काय होणार आहे? त्यावर ती माझ्या ताटात आणखी एक पापड वाढायची.

मग एका उन्हाळ्यात बाबूजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भाभी म्हणाली, "घरातलं खाकरणं गेलं हो." ज्या आवाजाला ती रोज दचकायची तोच तिला आठवत होता. बाबूजींची खाट चौकाला लागून असलेल्या खोलीत टाकली. देहाचं दुखणं एक, पण त्या माणसानं मनातून हात टेकले होते. सगळा बाजार ज्यांच्या शब्दावर चालायचा, त्यांना पाणी मागता येईना. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बाईजी घास घेऊन बसायच्या आणि ते दात घट्ट आवळून घ्यायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "औषधाचं मी बघतो. पण हे जेवले नाहीत तर माझ्या हातात काही नाही. यांचं मन कशात तरी गुंतवा."

भाभीचे यजमान कांतिभाऊ कामासाठी मुंबईला गेले, ते येताना लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीतली एक काचेची पेटी घेऊन आले, आणि पाण्याच्या डब्यात घालून सोनेरी मासे. तिथल्या कुठल्या तरी दवाखान्यात त्यांनी तशी पेटी पाहिली होती. बाबूजींच्या खोलीला चौकात उघडणारी एक रुंद, बिनगजाची खिडकी होती. तिच्या कट्ट्यावर पेटी बसवली तेव्हा खिडकी जवळजवळ भरूनच गेली. विहिरीचं पाणी गाळून भरलं, मासे सोडले, चौकातलं ऊन मागून आलं आणि ते मासे असे झळकले की बाईजींनीसुद्धा हात जोडले. आमच्या घरात मात्र मला यजमानांचे टोमणे ऐकावे लागले. "मी आणले असते तर पाप. यांनी आणले तर नवस." पण त्या संध्याकाळी बाबूजींनी मान वळवली. भिंतीकडून खिडकीकडे. मासा इकडून तिकडे गेला की त्यांचे डोळेही जायचे, आणि त्या नादात बाईजींनी तोंडाशी धरलेली मुगाची खिचडी त्यांनी गिळली. भाभी चौकात खिडकीच्या बाजूला उभी राहून ऐकत होती. बाईजींनी आतून हाक मारली, "बींदणी, आणखी खिचडी आण." बींदणी म्हणजे सूनबाई. ती जवळजवळ पळतच चुलीकडे गेली.

पण ते सुख टिकेना. त्या घरात कबुतरांना ज्वारी, मुंग्यांना साखर, गाईला पहिली पोळी, हे रोजचं. मग मासे कसे सुटतील? बाईजी म्हणायच्या, "जीव ने दाणो देणो, पुन रो काम है." बाबूजींना बघायला माणसांची रीघ लागलेली. येणारा प्रत्येक जण आधी पेटीत कणकेची गोळी टाकायचा, हात जोडायचा आणि मग आजाऱ्याची विचारपूस करायचा. जाताना आणखी एक गोळी. थोड्याच दिवसांत पाणी पोपटी दिसायला लागलं, मग हिरवं, मग इतकं दाट की मासा अगदी काचेला चिकटून गेला तरच शेपटीची झाक दिसायची. बाबूजी दिवसभर त्या हिरव्या काचेकडे बघत राहिले. आणि एके दिवशी त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतरचे दिवस मला भाभीच्या हातातल्या कळशीमुळे आठवतात. पाणी बदलायचं तर होतं, पण बाईजींनी ते मोरीत ओतू दिलं नाही. "त्या हिरव्यात अनंत जीव आहेत. ज्या विहिरीतनं आलं तिथेच सोडायचं." पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडायची त्यांची पद्धत, तीच इथे लागू झाली. भाभी मासे घागरीत काढायची, हिरवं पाणी कळशीनं नेऊन सावकाश विहिरीत सोडायची, नवं पाणी गाळून आणायची. एक-दोन दिवस मासे दिसायचे, बाबूजी चार घास खायचे, की पुन्हा हिरवं. मी तुरटी फिरवून पाहा म्हणाले. गढूळ पाण्याला आपण फिरवतो तशी. पाणी होतं तसंच राहिलं आणि मासे मात्र मलूल होऊन तळाशी बसले. भाभीनं घाईघाईनं त्यांना घागरीत हलवलं. तो सगळा दिवस ती माझ्याशी जरा कमीच बोलली. बाबूजींच्या गालाची हाडं वर आली होती. कांतिभाऊ पेढीवरून आले की आधी बायकोकडे बघायचे, आणि ती मान हलवायची.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी तेव्हा तिला बोलून दाखवली नाही. पाणी नितळ असलं की ती चौकात खिडकीसमोरून जाताना पदर ओढून जायची, कारण बाबूजींना पेटीतून आरपार दिसत असे. पाणी हिरवं झाल्यापासून तिला आडोसा मिळाला होता. मोकळ्या तोंडानं ती तिथेच बसून धान्य निवडायची. त्या हिरव्या पाण्याचा या घरात कुणाला फायदा असेल तर तो तिलाच होता. आणि तेच घालवायला ती जिवाचं रान करत होती.

पावसाळ्यात तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं बारसं धुळ्याला निघालं, म्हणून मीही माहेरी यायला तिच्याबरोबर निघाले. बारसं आटोपल्यावर मी तिला आमच्या घरी घेऊन गेले. माझे वडील, नाना, तेव्हा गावाच्या कडेला राहायचे, दारात बैल होते. भाभी अंगणात गेली आणि बैलांच्या दगडी डोणीपाशीच थांबली. डोणीचा अर्धा भाग गोठ्याच्या पत्र्याखाली होता, तिथलं पाणी स्वच्छ. उघड्यावरच्या भागात काठाला हिरवी साय. नाना म्हणाले, "काय देखी ऱ्हायनी, बेटी?" तिनं सगळं सांगितलं. नाना हसले. "ऊन लागनं का पानी हिरवं व्हयी जास. सावलीमा देख, कसं नितळ शे. आन माशास्ले खावाले कोन टाकस?" भाभी म्हणाली, "घरी येतील ते सगळे." "बठ्ठा?" नाना म्हणाले, "मंग ते पानी नही, वरन शे. झाकी ठेव. आन उपाशी ठेव थोडा दिन. मासा काही मरत नही."

परतीच्या एसटीत तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. झाकणं सोपं होतं, घरात गोधड्या होत्याच. पण उपाशी? त्या घरात मुक्या जिवाला उपाशी ठेवा म्हणून सांगायचं कुणी, आणि सासूबाईंना सुनेनं? आलेल्या पाहुण्याला दाणा टाकू नका म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडचं पुण्य काढून घेणं. पारोळा मागं पडल्यावर तिनं एकदम माझा हात धरला. म्हणाली, "शालूताई, पर्युषण येतंय ना?"

पर्युषणात त्यांच्याकडे कुणी ना कुणी अठ्ठाई करतं, म्हणजे आठ दिवसांचा कडक उपवास, फक्त उकळलेल्या पाण्यावर. बाबूजी दरवर्षी न चुकता करायचे. त्या वर्षी डॉक्टरांनी बाईजींना दटावून सांगितलं होतं की यांना एक दिवसही उपाशी ठेवायचं नाही, आणि बाईजींना त्याची मोठी रुखरुख होती. पर्युषणाच्या आदल्या दिवशी भाभी सासूबाईंच्या पायाशी बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाईजी, बाबूजींची अठ्ठाई यंदा माछल्या करतील." मी जिन्यात उभी होते, मला हसू आवरेना. पण बाईजी हसल्या नाहीत. बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग त्यांचा उपास कुणी मोडायचा नाही." दुसऱ्याचं व्रत मोडणं हे त्यांच्या लेखी केवढं पाप, हे भाभीला चांगलं ठाऊक होतं. जाड गोधडीनं पेटी सगळीकडून झाकली. येणाऱ्या प्रत्येकाला बाईजी स्वतः दारातच सांगू लागल्या, "दाणा कबुतरांना टाका. माछल्यांची अठ्ठाई आहे." आणि गंमत म्हणजे एकानंही खोटं मानलं नाही. उलट लोक गोधडीला हात जोडून जायला लागले. कुणी कुणी तर "साता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारायचे, उपवास करणाऱ्या माणसाला विचारतात तसं.

बाईजींनी बाबूजींच्या कानाशी वाकून सांगितलं, तुमच्या नावानं करतायत. माणूस बोलत नसला तरी त्याला कळतं, हे मी त्या दिवसांत पाहिलं. त्यांनी मान वळवली आणि त्या गोधडीकडे बघत पडून राहिले. दिसत काहीच नव्हतं, तरी तोंड भिंतीकडे गेलं नाही. चमच्यानं दिलेलं मुगाचं पाणी ते घेऊ लागले. घास मात्र अजून नाही. भाभी सकाळ-संध्याकाळ चौकातून गोधडीचा एक कोपरा उचलायची आणि वाटीनं पाणी वरून सोडत राहायची, आत हवा खेळावी म्हणून. मी विचारायचे, "दिसतं का काही?" ती म्हणायची, "मी बघतच नाही. भीती वाटते." मासे मेले तर बाबूजींची अठ्ठाई मोडली, असाच त्याचा अर्थ झाला असता. बाबूजींना तो धक्का सोसला नसता आणि त्या घरानं तिला कधी बोल लावला नसता, हे आणखी वाईट.

संवत्सरी झाली, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सगळे एकमेकांना हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणून. भाभीनं मलाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. बाईजी मुगाची वाटी घेऊन खाटेशी बसल्या होत्या. आम्ही दोघी चौकात होतो. तिनं पदर कमरेला खोचला होता, डोकं उघडं, हात अजून ओले. एक टोक मी धरलं, एक तिनं, आणि गोधडी ओढली.

पाणी नव्हतंच असं वाटलं. तळाशी हिरवट गाळ बसला होता, आणि त्याच्यावर ते सोनेरी मासे जणू हवेतच उभे होते. आणि त्यांच्या पलीकडे, उशीवर, बाबूजींचा चेहरा. भाभी मासे मोजायला वाकली होती, तिचं तोंड काचेच्या अगदी जवळ. तिनं वर बघितलं आणि ती तिथेच थिजली. बाबूजी माशांकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. सवयीनं तिचा हात पदराकडे गेला, पण पदर कमरेला खोचलेला, ओल्या बोटांना सुटेना. तेवढ्यात बाबूजींनी डावा हात उचलला. मला वाटलं ते थांब म्हणतायत. पण तो हात हळूहळू छातीपाशी आला आणि उभा राहिला, तळवा आत. दुसरा हात साथ द्यायला येऊ शकत नव्हता. अर्धाच नमस्कार… आदल्या दिवशी त्यांना म्हणता न आलेलं ते म्हणत होते, आणि सुनेला म्हणत होते. भाभीचे हात पदर सोडून जुळले. ती रडत होती आणि तिचं तोंड उघडं होतं, आणि मधून एक मासा सावकाश निघून गेला. बाईजींनी ते सगळं बघितलं. त्या फक्त म्हणाल्या, "बींदणी, मूग निवतायत." मग त्यांनी वाटी पुढं केली आणि बाबूजींनी तोंड उघडलं.

त्यानंतर त्या खोलीत तिनं पदर घेतला नाही. परकं माणूस आलं की घ्यायची, गेलं की मागे टाकायची. बाबूजींना घास भरवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. बोलणं त्यांना कधीच परत आलं नाही, पण ती बोलायची, दिवसभराचं सगळं सांगायची. इतकी वर्षं साठलेलं होतं. ते गेले तेव्हा त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मला तिनं नंतर कधीतरी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी तिला खूप चिडवलं. संवत्सरीच्या दिवशी गोधडीखाली हात घालून तिनं त्या हिरव्या पाण्यालाही "मिच्छामि दुक्कडम्" म्हटलं होतं. "अंधारात त्याचं काय होतंय ते मला माहीत होतं ना," ती म्हणाली. आज मला तिला चिडवावंसं वाटत नाही.

पुढं काच बदलली, मासे किती बदलले, घराची डागडुजी झाली, पण पेटी कायम त्याच खिडकीत राहिली आणि पर्युषणात तिच्यावर गोधडी पडत राहिली. गेल्या दिवाळीनंतर मी गेले तेव्हा ती तिथेच खुर्ची टाकून बसली होती, नजर अधू झालेली. "मला मासे दिसत नाहीत नीट," ती म्हणाली, "पण पाणी हिरवं झालं तर कळतं."

परवा सरोजचा पुन्हा फोन आला. भेटायला आलेल्या माणसांनी दाणे टाकून टाकून पाणी हिरवं केलंय, आणि कुणाला नको म्हणायचं तिला सुचत नाहीये. मी म्हटलं, "पर्युषण लांब असलं तरी चालेल. मम्मीच्या नावानं अठ्ठाई आहे म्हणून सांग." तिनं त्याच दिवशी गोधडी घातली. ती काढायच्या सकाळी मी जळगावला पोचणार आहे. सरोजला मी सांगून ठेवलंय, चौकाच्या बाजूनं तू एकटी ओढ, मला आत बसू दे, बाबूजींची खाट होती तिथे. पाणी नितळ झालेलं असेल. पलीकडून काचेशी कोण वाकलेलं नसेल, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझे दोन्ही हात धड आहेत. मी ते जोडणार आहे.